तीन वार म्हणेपर्यंत पुरणारा सेल

पहिल्याच ओळीत एक सांगून टाकतो. मी विडी ओढत होतो का, तंबाखू खात होतो का, हे मी इथे सांगणार नाही. आजारी पडल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस खुर्ची पुढे ओढायच्या आत हेच विचारतो. जणू माझं उत्तर ऐकलं की त्याला घरी जाऊन निवांत झोप लागणार आहे. लागू नये. कॅन्सर कुणालाही होतो एवढं ध्यानात ठेवा आणि चहा घ्या.

माझं नाव भास्कर. धुळ्याच्या मार्केट यार्डात एका अडतीवर मी कांद्याची हर्राशी करतो. हर्रास म्हणजे लिलाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका माझ्याबरोबर चालतो, मी एकेका ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवतो आणि बोली पुकारतो. एकवार, दोनवार, तीनवार. तिसरा वार म्हटला की सौदा पक्का, तोवर कुणीही मागे फिरू शकतो. आमच्याकडे आणखी एक रीत आहे. पुकारणाऱ्याचा हात फळीवर आहे तोवर हर्रास मोडत नाही. हात उचलला की मोडला, पुन्हा पहिल्यापासून. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण ती विसरू नका, पुढे लागणार आहे.

मला आता स्वरयंत्र नाही. मानेला भोक आहे, त्यातून श्वास घेतो, आणि यंत्रानं बोलतो. ज्यांच्या हातात नुकताच तसला रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. धीर द्यायला नाही. धीर देणारे तुम्हाला पोत्यानं भेटतील. मी सेलबद्दल सांगणार आहे. यंत्रात कुठला सेल घालायचा, चार्जिंगचा की वापरून फेकायचा साधा, या एका गोष्टीवर माझी भाकरी आणि एकदा तर जीव अडकला होता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फाटलेला घसा

दुसऱ्या कुणाचा घसा बसला तर लोक काळजी करतात. हर्राशीवाल्याचा बसला तर कौतुक करतात. आवाज फाटला म्हणजे आवक चांगली, सीझन जोरात. आमचे शेठजी, ज्यांच्या अडतीवर मी आहे, ते मारवाडी, तीन पिढ्या धुळ्यात. ते गादीवरून म्हणायचे, "भास्कर, घसा सांगतोय, अवंदा माल तगडा आहे." मीही छाती काढून फिरायचो. यार्डात सगळ्यात खरबरीत आवाज माझा.

उन्हाळ कांद्याचा सीझन संपला. घसा काही परत आला नाही. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. एके दिवशी जेवताना बायको, सिंधू, ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "ट्रॉल्या गेल्या, कांदा गेला. मग हा घसा आता कुणाच्या नावानं बसलाय?"

दुसऱ्या दिवशी ती मला जळगावला घेऊन गेली.

रिपोर्टाचा दिवस

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. रिपोर्ट वाचून त्यांनी चष्मा काढला, तेव्हाच मी समजलो. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल.

"आणि हर्राशी?" मी विचारलं.

त्यांना वाटलं हा मला असलेला दुसरा आजार आहे. ते कागद पुन्हा चाळायला लागले. सिंधूनं सांगितलं, "डॉक्टरसाहेब, ते ओरडतात. ओरडणं हेच त्यांचं काम आहे."

"मग आता आराम करा," डॉक्टर म्हणाले. "खूप ओरडलात."

मला त्यांचा इतका राग आला की भीती वाटायला जागाच उरली नाही. भीती नंतर आली, एसटीत, पारोळ्याच्या अलीकडे. आपण मरू असं नाही वाटलं. आपण जिवंत राहू आणि कुणी आपल्याकडे बघणार नाही, असं वाटलं. यार्डात गप्प माणूस म्हणजे हमालांनी बाजूला सरकवायची गोष्ट.

सिंधू दवाखान्यात एकदाही रडली नाही. सगळे प्रश्न तिनंच विचारले. एरंडोल गेल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की जेवणाचा डबा दवाखान्यातल्या बाकाखालीच राहिला, आणि त्या डब्यासाठी ती धुळं येईपर्यंत रडली. मी तिला नवा डबा घेऊ म्हणालो. ती म्हणाली, "मला तोच पाहिजे."

वॉर्डातली हर्राशी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आमचा मुलगा योगेश पुण्याहून आला होता. त्यानं मोबाइल समोर धरला. "पप्पा, काहीतरी बोला. आठवण म्हणून राहील."

काय बोलणार? माणसाला असं सांगितलं की त्याचं तोंडच बंद होतं. सिंधू खिडकीकडे तोंड करून उभी. मला ते सगळं असह्य झालं. मी उठून बसलो, खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"बोला शेठ! लोखंडी खाट! चाकं शाबूत, रंग गेलेला, पेशंटसकट विकणे आहे! बोला!"

कोपऱ्यातल्या चोपड्याच्या नानांनी बोली लावली, "माझी एक सलाईन!" समोरच्यानं दोन सलाईन म्हटल्या. एकानं उद्याचा वरणभात देऊ केला. जबड्याला पट्टी बांधलेला एक माणूस होता, त्यानं बोटांनी खुणा करून आपली उशीच लावली. माणसं उठून बसली होती. मी पुकारलं, "उशीवर! एकवार! उशीवर दोनवार!"

तेवढ्यात सिस्टर आल्या. माझा हात दांड्यावरून उचलून ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "बाबा, उद्या ऑपरेशन आहे ना? घसा जपा जरा."

अख्खा वॉर्ड हसला. जबडा बांधलेला माणूस हसताना कळवळला. आपण काय बोलून गेलो ते सिस्टरांना मागाहून कळलं आणि त्या पट्टा तसाच सोडून बाहेर निघून गेल्या.

तिसरा वार राहिला. योगेशच्या मोबाइलमध्ये आजही दोनवारपर्यंतच आहे, पुढे नुसतं हसणं.

मुकेपण

नंतरचे दिवस मी भराभर सांगतो, कारण मला ते आवडत नाहीत. नाकातून नळी, मानेला भोक, त्यातून खरखर करत कफ ओढून घेणारं मशीन. पाटीवर लिहून मागायचं. लोक मुक्या माणसाशी मोठ्यानं का बोलतात मला कळत नाही; माझे कान ठणठणीत होते. एक सिस्टर मात्र अशी होती की मी अंगठी खाटेवर दोनदा वाजवली की पडदा सारून यायची आणि विचारायची नाही, सरळ मशीन चालू करायची. तिचं नाव विचारायचं राहिलं. अशा माणसांवर वॉर्ड चालतो.

घरी आल्यावर सिंधूचा भाऊ वरणगावहून भेटायला आला. भला माणूस. त्यानं खिशातून चकचकीत स्टीलची शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "दाजी, हाक मारता येत नाही ना? शिट्टी मारायची. बहीण जिथं असेल तिथून पळत येईल."

माझा श्वास मानेतून जातो. तोंडातून फुंकर येतच नाही. चहासुद्धा मला बशीत ओतून निववावा लागतो. मी शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले, आणि काही झालं नाही. मेहुण्याचा चेहरा पडला. मी शिट्टी मानेच्या भोकापाशी नेली, तशी सिंधू ओरडली, "अहो!" आणि मग आम्ही तिघंही हसलो. मी आवाजाशिवाय हसतो. खांदे तेवढे हलतात.

यंत्र

आवाज शिकवणाऱ्या मॅडम जळगावलाच भेटल्या. यंत्र टॉर्चएवढं. मानेला टेकवून बटण दाबायचं, ते गुणगुणतं, आपण ओठांनी शब्द करायचे. माझा पहिला शब्द "चहा". पिठाच्या गिरणीतून कुणी बोलावं तसा आवाज आला. मला तो मुळीच आवडला नाही. पण चहा आला.

सेलचं मॅडमनी नीट समजावलं. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो, दोन्ही जातीचा चालतो. "चार्जिंगचा शेवटपर्यंत ताठ असतो आणि मग एकदम मान टाकतो. साधा हळूहळू उतरतो, आवाज खाली यायला लागला की तुम्हाला कळतं. शिवाय चार्जिंगचा नुसता पडून राहिला तरी थोडा थोडा रिकामा होतो. साधा पाकिटात बरीच वर्षं राहतो. तुमचा दिवस कसा जातो ते बघा आणि ठरवा."

योगेश म्हणाला, चार्जिंगचा. सारखे सेल कुठे आणत बसायचे, आणि कचरा किती. सिंधू म्हणाली, साधा. जीवाची वस्तू आहे, लाइटीच्या भरवशावर नको.

मी चार्जिंगचा म्हणालो. कारण तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो. माझ्या अंगातली एक वस्तू आधीच काढून फेकून झाली होती. आता आवाजही फेकायच्या वस्तूवर चालवायचा? दर थोड्या दिवसांनी माझा आवाज कचऱ्याच्या डब्यात? नाही चालणार. माझा मी भरून घेईन आणि तोच परत वापरेन. हे शहाणपण नव्हतं, दुखणं होतं, पण त्या वेळी मला दोन्हींतला फरक कळत नव्हता.

बटण बंद

आमच्या घरात एक नियम आहे. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद. माझ्या वडिलांनी लावलेली शिस्त. आमच्या घरात पाहुण्यालासुद्धा ही सवय लागते. कुणी लावलं, कशाला लावलं, बघायचं नाही, बंद करायचं.

तर मी रात्रभर सेल चार्जिंगला लावला असं समजून सकाळी यंत्रात घातला. सेल पुरता भरलेलाच नव्हता. जाता येता कुणाचा तरी हात बटणावर पडला होता. कुणाचा, हे आजही ठरलेलं नाही, बहुतेक माझाच असेल. दुपारपर्यंत यंत्र बरं चाललं. मग मी न्हाणीघरात असताना कफाची खपली मानेच्या भोकात अडकली. श्वास येईना. स्वयंपाकघरात मिक्सर चालू. मी यंत्र मानेला लावून बटण दाबलं, तर टुक नाही, की गुणगुण नाही. मी बादली उचलून दारावर आपटली, पुन्हा आपटली. मिक्सर थांबला. सिंधू आली, तिनं चिमट्यानं खपली काढली. काय करायचं ते तिला दवाखान्यात शिकवलं होतं. श्वास परत आल्यावर ती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली.

"साधे सेल," ती म्हणाली. एवढंच.

मी पाटीवर लिहिलं, 'बटणावर चिकटपट्टी लावू.' तिनं ती पाटी घेतली आणि पुसली. त्यानंतर चार-सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरात आधीच एक मुका, त्यात हिची भर. योगेशनं पुण्याहून आणखी दोन चार्जिंगचे सेल पाठवले. एक यंत्रात, दोन खिशात, म्हणजे प्रश्न मिटला, असं आम्हा बापलेकांना वाटलं.

शेठजींची अट

मला यार्डात परत जायचं होतं. शेठजींनी माणुसकी सोडली नाही. गादीवर बस, पावत्या फाड म्हणाले. मी यंत्र मानेला लावलं. "हर्राशी करणार."

शेठजी म्हणाले, "देख भास्कर, हर्रास मध्येच अडकला तर शेतकऱ्याचा माल बेभाव जातो. नाव माझ्या अडतीचं जातं. एक दिवस देतो. करून दाखवलंस तर जागा तुझी. नाही जमलं तर गादी, आणि मग हट्ट नाही करायचा."

मी कबूल झालो. यंत्राचा आवाज बारीक, म्हणून शेठजींनीच कमरेला बांधायचा छोटा भोंगा दिला, गल्लीतल्या भाजीवाल्यांकडे असतो तसला. त्याचा माईक ओठांपाशी. घरी मी रोज सराव केला. भिंतीला, शेजारच्या कुत्र्याला, गॅसच्या टाकीला, सगळ्यांना विकलं.

गच्चीवर

पुढची गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक नव्हती, पण तुम्हाला आत्ताच सांगतो.

मे महिना. माय, माझी आई, गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, वाळवत होती. खिशातले दोन जादा सेल मी चार्ज करून भिंतीतल्या देवळीत ठेवले होते. मायनं हात लावून पाहिलं तर गार. तिच्या काळात रेडिओचे सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग रेडिओ आणखी थोडं गायचा. खानदेशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिनं दोन्ही सेल ताटलीत घेतले आणि बिबड्यांच्या मधोमध दिवसभर ठेवले. संध्याकाळी पुसून जिथल्या तिथे. आमच्या मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी मला यार्डात जायचं होतं म्हणून तिनं हे मुद्दाम केलं होतं.

हर्रास

सकाळी यार्डातल्या मारुतीची आरती झाली. पुजारी बिनवायरच्या माईकवर आरती म्हणतो, नारळ फुटतो आणि मग पहिली ट्रॉली. सिंधूनं शिवलेलं सुती फडकं माझ्या मानेवर बांधलेलं, कमरेला भोंगा. व्यापारी आधी हसले. एक म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटर बसवला का शेठजींनी?" मी यंत्र लावून म्हणालो, "हो. उधारी चालत नाही त्यात." मग हसणं माझ्या बाजूनं झालं.

रांग चालली. ट्रॉलीमागून ट्रॉली. ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायची म्हणून यंत्राची आवाजाची चकती पूर्ण वर. घरी दिवसभर पुरणारा सेल इथे किती पुरेल हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सोनगीरकडच्या एका बाईंचा कांदा आला. लालसर, एकसारखा, पाला नीट कापलेला. बाई स्वतः ट्रॉलीवर उभ्या. दोन व्यापाऱ्यांत चुरस लागली आणि बोली इतकी वर गेली की बाकीचे गप्प झाले. फळीवर माझा हात. "एकवार!" मी म्हणालो. "दोनवार!"

आणि यंत्र मेलं.

ना घरघर, ना इशारा. मी बटण दाबतोय, ओठ हलवतोय, आणि कमरेच्या भोंग्यातून नुसता माझ्या ओठांचा पचपच आवाज. लोखंडी फळी तापलेली, हात भाजत होता, पण उचलला तर हर्रास मोडणार. दुसऱ्या हातानं खिशातला सेल काढला, दातानं यंत्राचं झाकण उघडलं. सेल आत बसेना. त्याचं पोट फुगलं होतं. दुसरा काढला, तोही तसाच.

ज्या व्यापाऱ्याची बोली शेवटची होती त्याला आता आपण फार चढलो असं वाटायला लागलं असावं. "हर्रास मोडला," तो म्हणाला. "परत लावा. दुसरा कुणी तरी पुकारा." शेजारच्या अडतीवरचा पुकारणारा पुढे झाला, "भाऊ, मी म्हणतो तुमच्याऐवजी तिसरा." मदत म्हणूनच म्हणत होता. मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो जागीच थांबला. शेठजी गादीवरून उठून ओट्याच्या कडेला आले होते.

मारुतीच्या माईकला हाच चौकोनी सेल लागतो, हे मला आठवलं. पण सांगू कसं? एक हात फळीवर. दुसऱ्या हातानं मी देवळाकडे बोट केलं. कुणी म्हणालं, "दर्शनाला जायचं म्हणतात." मी गदा फिरवल्याची खूण केली. "चक्कर आली, पाणी आणा!" मी मूठ तोंडापाशी धरून माईक केला. "उलटी होतेय वाटतं, सरका!" मला इतका संताप आला की मी मेलेला सेल ट्रॉलीतल्या कांद्यांवर फेकला. तो सोनगीरच्या बाईंच्या पायाशी पडला. बाईंनी उचलला, उलटसुलट पाहिला, देवळाकडे पाहिलं.

"अरे, मारुतीना माईकना सेल मांगी ऱ्हायना तो!" बाई अहिराणीत ओरडल्या. "पया ना कोनी! उभा काय ऱ्हायनात बठ्ठा?"

एक हमाल पळाला. आणि तो येईपर्यंत मी सगळ्यांना थांबवलं. अख्खी रांग, इंजिनं धडधडतायत, डोक्यावर ऊन, आणि यार्ड एका मुक्या माणसासाठी उभं. तो व्यापारी दोनदा म्हणाला, चला पुढे. कुणी हललं नाही. माझा हात फळीवर होता. तळवा जळत होता आणि मला आजारपणात पहिल्यांदा बरं वाटत होतं, हे खोटं वाटेल, पण तसंच आहे.

हमालानं सेल आणला. साधा, शेंदराचा डाग पडलेला. मी तो घातला, यंत्र मानेला लावलं आणि त्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो,

"तीनवार."

मग हात उचलला. तळव्याला फोड आला होता. शेठजी ओट्यावरूनच म्हणाले, "भास्कर, पुढची ट्रॉली घे. टाइम बघ किती झाला." माझी जागा मला मिळाली ती अशी, एका ओळीत.

ठरलं ते

घरी आल्यावर मी फुगलेले सेल सिंधूपुढे ठेवले. माय बिबड्यांचा डबा बंद करत होती. तिनं सेल पाहिले आणि तिचं तोंड उतरलं.

"गार लागी ऱ्हायन्तात रे भो. म्हनीसन मी उनमा ठेवात. तुना आवाज शे ना त्यामा."

मी तिला रागावू शकलो नाही. अख्ख्या जगात माझ्या आवाजाला ऊन दाखवावं असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं? सिंधूनं कपाटातून साध्या सेलचं पाकीट काढलं. तिनं ते कधीच आणून ठेवलं होतं. "मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. म्हणजे सगळंच म्हणाली.

आता असं आहे. यंत्रात साधा सेल, मोठ्या दुकानातून तारीख बघून आणलेला. खिशात दोन नवे, पाकिटासकट. चार्जिंगचे घरात बसून गप्पा मारायला. तिथे आवाज गेला तर फार तर सिंधू वाद जिंकते. तुम्हाला चार्जिंगचे जमत असतील तर खुशाल वापरा, मी कोण सांगणारा. पण तुमचा सेल कसा मरतो ते आधी घरी बघून घ्या, फळीवर हात ठेवल्यावर नको. फेकायच्या वस्तूचं मला वाटलेलं दुःखही गेलं. साधा सेल जाताना सांगून जातो. आवाज अर्धा उतरतो, मग पाव, आणि मला कळतं की आता माझ्याकडे एवढेच शब्द आहेत. इतकी सभ्यता मला आजाराकडूनही मिळाली नव्हती.

वापरलेले सेल माय अजून गच्चीवर नेते. मी नेऊ देतो.

जळगावला, तपासणीसाठी

परवा तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे. मग हळूच म्हणाले, "ओरडताय असं ऐकलं." मी म्हणालो, "हो."

परतताना मी जुन्या वॉर्डात शिरलो. सिंधू म्हणाली, गाडी चुकेल. माझ्या खाटेवर एक माणूस बसला होता, माझ्याच वयाचा, मांडीवर फाइल. शेजारी मुलगी मोबाइल धरून: "बाबा, काहीतरी बोला ना." तो भिंतीकडे बघत होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. विचारायची गरज नव्हती.

मी खाटेच्या दांड्यावर हात ठेवला आणि यंत्र मानेला लावलं. माणूस दचकला. त्यानं माझ्या मानेकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग तोंडाकडे.

"या खाटेचा हर्रास," मी म्हणालो, "दोनवारला अडकलाय. माझ्यापासून. शेवटची बोली एका उशीची आहे. तुम्ही बोलता का काही?"

आवाज उतरायला लागला होता. सकाळपासूनचा सेल. सिंधूनं पर्समधून नवा काढून पुढे केला, मी मान हलवली. अजून होते थोडे शब्द, मला ऐकू येत होतं.

त्या माणसानं मांडीवरची फाइल बाजूला ठेवली. मग बसक्या, फाटक्या, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "दोन उशा."

"जोरात," मी म्हणालो. "यार्ड मोठं आहे."

"दोन उशा!" तो ओरडला. पलीकडच्या खाटांवरची डोकी वळली. मुलीच्या हातातला मोबाइल चालू होता.

"दोन उशांवर एकवार," मी म्हणालो. यंत्र अर्ध्यावर आलं. "दोनवार." आता माझं मलाच जेमतेम ऐकू येत होतं. दारात एक सिस्टर येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, आणि या वेळी माझा हात कुणी उचलला नाही.

"तीनवार."